कोऱ्या रजिस्टरवर सही नको



रजिस्टर पुन्हा घरोघरी फिरू लागलं आहे. शिपाई येतो, "हजेरीची सही करा" म्हणतो, म्हाताऱ्या माणसाचा अंगठा धरून उमटवतो आणि जातो. वरची जागा कोरी. नंतर तिथे लिहिलं जातं की ग्रामसभेची जंगल द्यायला हरकत नाही.

ते घरी का येतात? कारण आपल्या ठरावाची त्यांना गरज आहे. वनहक्क कायद्याखालचं जंगल खाणीला किंवा दुसऱ्या कामाला द्यायचं तर ग्रामसभेची संमती लागते, हे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानेच २००९ साली लिहून दिलं. २०१२ च्या नियमाप्रमाणे सभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया. हा कोरम दारोदार फिरून भरत नाही.

ओडिशात नियमगिरी डोंगरावर २०१३ साली बारा गावांच्या ग्रामसभा झाल्या. सुप्रीम कोर्टाचा हुकूम होता, न्यायाधीश समोर बसले होते. बाराही गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. पाडे लहान, पण सभा खरी होती.

आपल्यातलीच काही पोरं म्हणतात, खाण आली तर मजुरी मिळेल, रस्ता होईल. त्यांना लगेच दलाल म्हणू नका. भूक खरी आहे. त्यांना सभेत बोलू द्या आणि समोर हिशोब मांडा : मोहफूल, टोळ, चार, तेंदूपत्ता, बांबू, गुरांची चराई, नाल्याचं पाणी. यातलं बाजारात किती गेलं आणि घरात किती खाल्लं? घरात खाल्लेलं कोणीच मोजत नाही, साहेब तर नाहीच. खाणीची मजुरी खाण असेपर्यंत, तीही सगळ्यांना नाही. हा हिशोब बायांना पाठ आहे, आणि सभेत त्याच मागे बसतात!

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय एकमताने होतो. एक माणूस अडला तर पुन्हा बसतात. आधी अभ्यास गटात चर्चा, मग सभा. वेळ लागतो, लागू द्या. याच गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला.

तेव्हा रजिस्टर घरी आलं तर परत पाठवा. सभा बोलवा. ठराव सभेतच लिहा, गोंडीत समजावून सांगा, मोठ्याने वाचा आणि मगच सह्या करा. खाली जागा उरली तर तिथे आडवी रेघ मारा. नक्कल गावात ठेवा.