‘फॉरेन करस्पाँडंट’ : एका युद्धकालीन हेरपटाचे गुणदोष

युद्धाच्या धामधुमीत निर्माण झालेली कलाकृती युद्ध संपताच बहुधा शिळी होते; कारण ज्या हेतूने ती जन्मास आली तो हेतूच उरत नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिग्दर्शित केलेला ‘फॉरेन करस्पाँडंट’ हा १९४० सालचा अमेरिकन बोलपट या नियमास अपवाद आहे, असे आमचे मत आहे. तथापि मनोरंजनाच्या भरात विवेक बाजूस ठेवू नये, म्हणून त्याचे गुणदोष येथे मांडीत आहोत.

कथानक थोडक्यात असे : ऑगस्ट १९३९ मध्ये युरोपवर युद्धाचे ढग जमले असता न्यूयॉर्कचे एक वृत्तपत्र जॉनी जोन्स या बातमीदारास तिकडे धाडते. व्हान मेर या वृद्ध डच मुत्सद्द्यास एका तहातील गुप्त कलम मुखोद्गत असते. ते काढून घेण्यासाठी हेर त्यास पळवितात आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्याचा खून करून तो मेला असे भासवितात. या कटाचा सूत्रधार निघतो तो शांततेसाठी झटणाऱ्या एका पक्षाचा पुढारी, स्टीफन फिशर. आणि जोन्सचे प्रेम जडते ते त्याच्याच कन्येवर!

प्रसंगरचनेत हिचकॉक यांचा हात धरणारे थोडेच. आम्स्टरडॅम येथे भर पावसात खून होतो आणि मारेकरी छत्र्यांच्या गर्दीतून निसटतो. तो दिसत नाही, केवळ हालणाऱ्या छत्र्या दिसतात. पुढे एका पवनचक्कीची पाती वाऱ्याच्या उलट दिशेस फिरताना पाहून नायकास संशय येतो. साध्या वस्तूंतून भय उत्पन्न करण्याची ही कला खरोखर वाखाणण्याजोगी आहे. व्हान मेरची भूमिका करणारे आल्बर्ट बासरमान हे जर्मन नट पत्नी ज्यू असल्याने नाझी राजवटीत स्वदेश सोडून आलेले होते. इंग्रजी फारसे येत नसता केवळ उच्चार पाठ करून त्यांनी जो अभिनय केला, तो हृदयास भिडतो.

आता दोष. ते गुप्त कलम काय होते, हे अखेरपर्यंत कळत नाही. नायक-नायिकेची ओळख होते न होते तोच विवाहाचे बोलणे निघते. योगायोगांचा तर सुकाळच आहे. परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून गंभीर आहे. शांततेचा पुरस्कर्ताच ढोंगी दाखविल्याने शांततेची भाषा बोलणारा प्रत्येक जण शत्रूचा हस्तक असावा, असा ग्रह कोवळ्या मनावर होण्याचा संभव आहे. ढोंगी माणसे प्रत्येक सत्कार्यात शिरतात; म्हणून सत्कार्य खोटे ठरत नाही.

सुदैवाने दिग्दर्शकानेच या दोषाचे काहीसे परिमार्जन केले आहे. विमान समुद्रात कोसळल्यावर वाचलेले प्रवासी एका पंखावर बसतात. भार फार झाल्याचे जाणून फिशर स्वतःहून पाण्यात उतरतो, आणि त्याचा पाठलाग करणारेच त्यास वाचविण्यासाठी उड्या घेतात. शत्रूतही मनुष्य पाहणारी ही दृष्टी युद्धकाळात दुर्मिळ होय.

शेवटी नायक लंडनहून नभोवाणीवर अमेरिकेस जागे राहण्याचे आवाहन करतो. त्या वेळी अमेरिका तटस्थ होती. ती युद्धात उतरली डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणजे हा उघड प्रचार होता, आणि तो इतका कुशल होता की नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्स यानेही त्याच्या कौशल्याची तारीफ केली. विद्यार्थिबंधूंनी यावरून एक बोध घ्यावा. ज्या कौशल्याची शत्रूसही भुरळ पडते, ते कौशल्य सत्याची साक्ष होऊ शकत नाही. या बोलपटाची बाजू न्यायाची होती, असे आम्ही मानतो. परंतु ती न्यायाची ठरते नाझींच्या कृत्यांमुळे, छत्र्यांच्या त्या अप्रतिम दृश्यामुळे नव्हे. बोलपट अवश्य पाहावा, त्याचा आनंद लुटावा. पण दिवे लागल्यावर आपला निर्णय आपण स्वतःच करावा.