चुलीपुढची धाप

पहाटे उठून चुलीत काटक्या सारायच्या, फुंकणीने विस्तव फुलवायचा आणि डोळ्यांतले पाणी पदराने टिपत भाकऱ्या थापायच्या, हा महाराष्ट्रातील खेडोपाडीच्या स्त्रियांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नित्यक्रम. पन्नाशी ओलांडता ओलांडता यांतील अनेकींना पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना मध्येच थांबावे लागते. थंडीत जडलेला खोकला फाल्गुन संपला तरी हटत नाही. घरची माणसे म्हणतात, वय झाले. शेजारीण म्हणते, दमा आहे, तो आता जिवाबरोबरच जायचा. ती स्वतः मात्र काही बोलत नाही. बोलायलाही दम लागतो.

या धापेला वैद्यकशास्त्रात नाव आहे. फुफ्फुसांचा हा दीर्घकालीन अवरोधक विकार 'सीओपीडी' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. वर्षानुवर्षे धूर, धूळ किंवा विषारी वायू श्वासावाटे आत जात राहिल्याने श्वासनलिका सुजून अरुंद होतात आणि वायुकोशांच्या नाजूक भिंती विरत जातात. आत घेतलेली हवा पूर्णपणे बाहेर पडत नाही, छाती फुगलेली राहते आणि दोन पावले चालणेही जड होते. दम्यात आकसलेल्या नलिका औषधाने बहुतांशी मोकळ्या होतात. येथे झालेली हानी मात्र भरून येत नाही. पुढची हानी तेवढी थोपवता येते. म्हणूनच या विकारात वेळेवर निदान होण्याला सर्वाधिक मोल आहे आणि नेमके तेथेच आपले घोडे अडले आहे.

व्याप्ती लहान नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात 1990 मध्ये या विकाराचे 2 कोटी 81 लाख रुग्ण होते. 2016 मध्ये ते 5 कोटी 53 लाख झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2021 या एका वर्षात जगभरात सुमारे 35 लाख माणसे याला बळी पडली. एवढा मोठा संहार करणाऱ्या रोगाचे नावही सामान्य माणसाच्या कानावरून गेलेले नसावे, ही वस्तुस्थिती अस्वस्थ करणारी आहे.

हा बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. तंबाखू दोषी आहेच. तथापि पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखाने वेगळेच वास्तव मांडले. जगातील 25 ते 45 टक्के रुग्णांनी आयुष्यात कधीही धूम्रपान केलेले नसते. भारतापुरते पाहिले, तर वर उल्लेखिलेल्या अभ्यासात या विकारामुळे ओढवणाऱ्या हानीपैकी 53.7 टक्के वाटा घरातील व बाहेरील प्रदूषित हवेचा, 25.4 टक्के तंबाखूचा आणि 16.5 टक्के व्यवसायातील धूळ-धुराचा आढळला. अर्थात चुलीपुढची गृहिणी, खडी फोडणारा मजूर आणि रहदारीच्या चौकात दिवसभर उभा असलेला पोलीस हे सारे एकाच संकटाचे वाटेकरी आहेत.

चुलीच्या धुरावर देशाने मोठा प्रहार केला आहे, हे मान्यच करावे लागेल. 1 मे 2016 रोजी बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि 7 सप्टेंबर 2019 रोजी आठ कोटीव्या जोडणीचा मान औरंगाबादला, म्हणजेच आजच्या छत्रपती संभाजीनगरला मिळाला. परंतु जोडणी मिळाली म्हणजे चूल विझली, असे नव्हे. सिलिंडर संपला की तो पुन्हा भरून आणण्याचा खर्च पेलत नाही, म्हणून अनेक घरांत चहा गॅसवर होतो. भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच राहते. शिवाय जिने तीस वर्षे धूर गिळला आहे, तिच्या फुफ्फुसांची झीज नव्या शेगडीने भरून येत नाही. तिची तपासणी व्हावी लागते.

ही तपासणी अवघड नाही. स्पायरोमीटर या यंत्रात जोराने फुंकर मारली की पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते कळते. इंग्लंडमध्ये जॉन हचिन्सन यांनी 1846 साली या यंत्राची माहिती जगापुढे ठेवली. पावणेदोनशे वर्षांनंतरही ग्रामीण रुग्णाला ते सहजासहजी उपलब्ध नाही. रक्तदाब मोजल्यावाचून रक्तदाबाची गोळी कोणी देत नाही. धाप मात्र न मोजताच खोकल्याच्या बाटलीवर भागवली जाते. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन जो आरोग्य-तक्ता भरते, त्यात स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, हा प्रश्न आहे. तो विचारला जातो, हे स्तुत्यच; पण उत्तर 'लाकूड' असे आल्यावर पुढे काय, याची व्यवस्था तितकीच भक्कम हवी.

क्षयरोगाच्या बाबतीत या समाजाने जागृती करून दाखवली आहे. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासा, हे वाक्य वाडीवस्तीवर पोहोचले. मात्र थुंकीत जंतू नाहीत असे कळताच रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकून घरी परततो आणि खोकत राहतो. क्षय नाही, मग खोकला कशाचा, हा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय अद्याप लागायची आहे. त्यातच बऱ्या झालेल्या क्षयाने फुफ्फुसावर ठेवलेले व्रणही पुढे या विकाराला वाट करून देतात.

गैरसमजांची भिंत आणखी वेगळी. पंप एकदा लागला की सुटत नाही, या भीतीपोटी इन्हेलर नाकारला जातो. वस्तुतः जे औषध गोळीतून मिलिग्रॅममध्ये घ्यावे लागते, ते फवाऱ्यातून मायक्रोग्रॅममध्ये पुरते. कारण ते थेट फुफ्फुसात पोहोचते. कोजागरीच्या रात्री दम्याच्या औषधासाठी रांगा लावणाऱ्या समाजाला श्वासाचे मोल ठाऊक आहे, यात शंका नाही. त्या श्रद्धेला निदानाची जोड मिळाली पाहिजे.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिन पाळला जातो. रुग्णालयातील फलक आणि एखादे व्याख्यान यापलीकडे तो जाणार कसा? त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. महिला बचत गट, हळदीकुंकवाचे मेळावे, कीर्तन सप्ताह, गणेशोत्सव मंडळे ही समाजाची हक्काची व्यासपीठे आहेत. लोकमान्यांनी उत्सवाला लोकजागृतीचे साधन बनवले, तो वारसा चालवण्याची ही संधी आहे. मंडळाने रोषणाईतला थोडा खर्च वाचवून एक फुंकर-तपासणी शिबिर भरवले, तर ते नैवेद्याइतकेच पवित्र ठरेल.

ज्या माउलीने घरादाराला ऊन भाकरी घातली, तिची धाप वयाच्या खाती टाकून मोकळे होणे ही कृतघ्नता आहे. तिचा श्वास एकदा मोजून पाहणे, एवढे तरी घरच्यांचे आणि गावाचे तिच्याशी देणे लागते.