कातडीचे रहिवासी

मनुष्याच्या कातडीवर जन्मभर वास्तव्य करणाऱ्या असंख्य सूक्ष्म जीवांकडे वैद्यकशास्त्राने शंभर वर्षांहून अधिक काळ जवळजवळ एकाच दृष्टीने पाहिले, आणि ती दृष्टी संशयाची होती. १८८० च्या सुमारास ॲलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यविशारदाने गळवांतील पुवात स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू दाखवून दिले, आणि पुढे कातडीवर जे जिवंत असेल ते धुऊन वा औषधाने मारून टाकणे हाच आरोग्याचा मार्ग, अशी समजूत दवाखान्यापासून न्हाणीघरापर्यंत दृढ होत गेली. शस्त्रक्रियेच्या मेजावर त्या समजुतीने अगणित प्राण वाचवले, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु इसबासारख्या चिवट दाहविकारात ती अपुरी पडते, किंबहुना कित्येकदा अपायकारकही ठरते, असे ज्या संशोधनावरून दिसू लागले आहे त्याची हकीकत वाचकांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

ज्या घरात इसबाचे मूल आहे त्या घराला या व्याधीचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या लवणीत कातडी लाल होते, फुटते, ओलावते, पुन्हा सुकून खरखरीत होते. रात्री खाज अनावर झाली की मूल झोपेतच नखांनी ओरबाडते आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके आढळतात. अशा चट्ट्यांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू विपुल असतो, हे अमेरिकेतील अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्येच नोंदवले होते. प्रतिजैविक दिले की तो हटे, औषध थांबले की काही आठवड्यांत पूर्ववत हजर होई. तो रोगाचे कारण आहे की रोगाने दुर्बळ झालेल्या कातडीवर आलेला आगंतुक आहे, हा वाद मात्र दीर्घकाळ अनिर्णित राहिला.

या प्रश्नाला नवे वळण देणाऱ्यांत सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड गॅलो यांचे नाव अग्रगण्य आहे. कातडी ही केवळ निर्जीव आच्छादन नसून स्वतःच जंतुघ्न प्रथिनखंड निर्माण करणारे इंद्रिय आहे, या विषयाचा त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. २००२ साली ते आणि त्यांचे सहकारी यांनी असे प्रसिद्ध केले की, सोरायसिसच्या चट्ट्यांत हे प्रथिनखंड मुबलक असतात, परंतु इसबाच्या चट्ट्यांत त्यांची उणीव असते. दोन्ही विकारांत कातडी फुटलेली असूनही पहिल्यात जंतुसंसर्ग विरळा आणि दुसऱ्यात वारंवार का, याचा बराचसा उलगडा त्यातून झाला. पुढे २००६ मध्ये फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष इसबाशी निगडित असल्याचे स्कॉटलंड-आयर्लंडमधील संशोधकांनी दाखवले, आणि कातडीची तटबंदी कित्येकांत उपजतच कच्ची असते हे निर्विवाद ठरले.

परंतु यापुढचा विचार मला अधिक मोलाचा वाटतो. निरोगी कातडीवर ऑरियसचे भाऊबंद म्हणावेत असे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आणि स्टॅफिलोकॉकस होमिनिस हे जिवाणू सुखाने नांदतात. त्यांना निरुपद्रवी म्हणून सोडून देण्याऐवजी ते तेथे काय करतात, असा प्रश्न गॅलो यांच्या प्रयोगशाळेने विचारला. त्याच प्रयोगशाळेतील तेरुआकी नाकात्सुजी यांनी निरोगी व रुग्ण अशा दोन्ही प्रकारच्या माणसांच्या कातडीवरून बोळ्याने नमुने टिपले, त्यांतील जिवाणूंच्या वसाहती वाढवल्या, आणि त्यांतील कोणती वसाहत ऑरियसला मारते हे एकेक करून तपासले. निरोगी माणसांच्या कातडीवर असे मारक वाण सहज सापडले. इसबाच्या रुग्णांत मात्र ते दुर्मीळ होते. म्हणजे रुग्णाच्या कातडीवर शत्रू अधिक होता, पण त्याहून महत्त्वाचे हे की तेथे रक्षक उणे होते.

यानंतरचा प्रयोग, जो २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्याचा तपशील लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. रुग्णाच्या स्वतःच्याच कातडीवर जे थोडेफार मारक वाण उरले होते ते वेचून प्रयोगशाळेत वाढवले, साध्या मलमात मिसळले आणि त्याच रुग्णाच्या एका हाताला लावले. दुसऱ्या हाताला तेच मलम, पण जिवाणूंविना. दुसऱ्या दिवशी पाहता पहिल्या हातावरील ऑरियसची संख्या मोठ्या प्रमाणात घटलेली होती. बाहेरून आणलेले कोणतेही औषध येथे नव्हते. ज्याचे त्यालाच परत दिले होते.

२०२१ मध्ये होमिनिसचा ए-९ नावाचा एकच निवडक वाण घेऊन ५४ प्रौढ रुग्णांवर आठवडाभराची दुहेरी अंध चाचणी झाली. ऑरियस घटला, अपाय झाला नाही. परंतु इसबाची तीव्रता एकंदर रुग्णांत निश्चित म्हणता येईल इतकी उतरली नाही. ज्यांच्या अंगावरचा ऑरियस या वाणाने प्रत्यक्ष मरण्यासारखा होता त्यांच्यात सुधारणेची चिन्हे दिसली, पण ती मागाहून केलेल्या विश्लेषणात. शिवाय या संशोधनातून औषध घडवण्यासाठी निघालेल्या कंपनीचे गॅलो स्वतः सहसंस्थापक आहेत. एवढे सारे सांगितल्यावाचून या चाचणीची स्तुती करणे मी अयोग्य समजतो, आणि एवढे सांगूनही ती मला स्तुत्य वाटते. कारण तिच्यात एक सूक्ष्म गोष्ट निदर्शनास आली: जेथे ऑरियस मेला नाही, तेथेही त्याची विष निर्माण करण्याची क्रिया मंदावली. हे जिवाणू रासायनिक संकेतांनी परस्परांची संख्या जाणतात आणि पुरेसे जमले की मगच विष सोडतात. होमिनिसचे रेणू त्या संकेतांतच व्यत्यय आणतात. सारांश, शेजाऱ्याला मारावेच लागते असे नाही, त्याला आवरता येते. ऑरियसचे एक विकर कातडीतील मज्जातंतूंना थेट चेतवून खाज उत्पन्न करते, असे २०२३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवले. त्या बालकाच्या रात्रीच्या ओरबाडण्याशी हा सारा शोध किती निकट आहे, हे त्यावरून कळावे.

आता आपल्याकडची स्थिती पाहावी. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेल्या मलमाच्या नळ्या आपल्या औषधदुकानांतून डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून राजरोस मिळतात. गजकर्ण असो, इसब असो की खरूज, शेजारणीने सांगितलेली एकच नळी सर्वांवर चोपडली जाते. चार दिवस आराम पडतो, आणि मग गजकर्ण असे रूप पालटते की ते ओळखणेही तज्ज्ञाला कठीण जावे. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने याविरुद्ध वर्षानुवर्षे फिर्याद केली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावावयाची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. अंमलबजावणी मात्र अद्याप ढिली आहे. डॉक्टरने नेमून दिलेले स्टेरॉइडचे मलम इसबात आजही अत्यंत उपयुक्त आहे आणि ते भीतीपोटी टाकून देऊ नये, हे मी आवर्जून सांगतो. माझी तक्रार आहे ती विनाकारण, विनाहिशेब केलेल्या संहाराविषयी. कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो आणि तिच्या मित्रजिवाणूंना तो मानवतो. त्यावर क्षारयुक्त, जंतुनाशक म्हणून खपवलेला साबण दिवसातून दोनदा घासणे इसबाच्या मुलाला तरी खचितच हितकर नाही. कोमट पाण्याची अल्पकाळ अंघोळ, सौम्य साबण आणि अंग ओलसर असतानाच लावलेले साधे मलम, हा त्वचारोगतज्ज्ञांचा जुनाच उपदेश या नव्या विज्ञानाशी पूर्णपणे जुळतो.

दुसरा धोका उलट दिशेने येत आहे. ‘प्रोबायोटिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रसाधनांच्या डब्या आता आपल्या बाजारातही दाखल झाल्या आहेत. ज्या मलमात टिकाऊपणासाठी जंतुरोधक द्रव्य घातलेले असते त्यात जिवंत जिवाणू तगून राहणे दुष्कर, म्हणून अशा पुष्कळ डब्यांत मृत जिवाणूंचा अर्क तेवढा असतो. त्याने अपाय होईल असे नाही. पण ज्या प्रयोगाचे नाव घेऊन त्या विकल्या जातात त्यात जिवाणू जिवंत होते, त्यांचा वाण ठाऊक होता आणि तो कोणत्या रुग्णांवर कितपत चालला हे कागदावर उतरलेले होते. जिवाणू जिवंत की मृत, वाण कोणता आणि चाचणी कोणावर झाली, ही तीन उत्तरे डबीवर ठळक छापण्याची सक्ती औषध-नियंत्रकांनी करावी, आणि ती होईपर्यंत इसबाच्या मुलाच्या आईबापांनी दुकानात हेच तीन प्रश्न विचारावेत.