फ्रिजच्या पाठीवरची पट्टी

१/
पौडमधल्या कोणत्याही घरातला फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढला, की त्याच्या पाठीवर हाताच्या तळव्याएवढी एक पट्टी दिसते. तिच्यावर व्होल्टेज असते, गॅसचे वजन ग्रॅममध्ये असते आणि त्या गॅसचे नाव असते : आर-१२, आर-१३४ए किंवा आर-६००ए. ताम्रपटावरून जसा राजा आणि त्याचा काळ ओळखता येतो, तसा या नावावरून फ्रिजचा काळ ओळखता येतो. मात्र ही पट्टी वाचणारा माणूस सहसा इतिहासकार नसतो. तो फ्रिज दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा इतिहास लिहिताना या माणसाला वगळले गेले आहे आणि त्यामुळे तो इतिहास चुकीचा झाला आहे, असे या धाग्याचे म्हणणे आहे.

२/
सुरुवात विजेपासून करावी लागते, कारण पौड हे मुळशी तालुक्याचे ठाणे आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, येथील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट यांची नावे इतिहासप्रेमी वाचकांना सांगायला नकोत. पन्नासेक गावांच्या जमिनीचा प्रश्न होता. सत्याग्रह मोडला, धरण झाले. अडवलेले पाणी सह्याद्री ओलांडून पश्चिमेला भिरा येथे उतरवण्यात आले आणि १९२७ पासून तेथे निर्माण झालेली वीज मुंबईकडे गेली.

३/
या लढ्याविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या विजेने पुढे काय काय घडवले, हा प्रश्न विचारताना लेखक गिरण्यांपाशी थांबतात. स्वयंपाकघरापर्यंत कोणी जात नाही. १९५८ मध्ये गोदरेजने भारतात फ्रिज बनवण्यास प्रारंभ केला. शीतपेटीची पहिली सवय लागली ती मुंबईसारख्या शहरांना. आज पुणे जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, अनेक कंपन्यांचे फ्रिज तयार होतात. कारखान्याचा इतिहास नोंदला जातो, उद्घाटनाच्या कोनशिला बसतात. दुरुस्तीची कोनशिला नसते.

४/
खेड्यातल्या फ्रिजचा पहिला आजार यंत्रात नसतो, तारेत असतो. पौडवर ताम्हिणीच्या बाजूने पाऊस येतो. झाडे पडतात, वीज जाते, आणि येते तेव्हा कमी दाबाने येते. कॉम्प्रेसर सुरू होताना त्याला नेहमीच्या चालण्यापेक्षा कितीतरी पट प्रवाह लागतो. दाब कमी असला की मोटर फिरत नाही, नुसती घुमते. तापते. मग तिच्या अंगावर बसवलेला ओव्हरलोड प्रोटेक्टर प्रवाह तोडतो आणि 'टक्' असा आवाज येतो. काही मिनिटांनी तो थंड झाला की पुन्हा तोच प्रयत्न, पुन्हा 'टक्'. घरातली माणसे म्हणतात, कॉम्प्रेसर गेला. जाणता मेकॅनिक आधी मीटर लावून भिंतीतले व्होल्टेज मोजतो, मग रिले तपासतो आणि अगदी शेवटी कॉम्प्रेसरला दोष देतो. हा क्रम उलटला, तर थोडक्यात भागणाऱ्या कामासाठी कित्येक हजार मोजावे लागतात.

५/
वीज आल्याबरोबर फ्रिज लावू नये, पाचेक मिनिटे थांबावे, असे जुनी माणसे सांगतात. ही अंधश्रद्धा नव्हे. फ्रिज बंद पडतो तेव्हा नळ्यांच्या एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब असतो. केसासारख्या बारीक कॅपिलरीतून तो समान व्हायला वेळ लागतो. त्याआधी मोटर सुरू झाली, तर तिला त्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो. स्टॅबिलायझरमध्ये जो उशीर मुद्दाम ठेवलेला असतो, तो याचसाठी.

६/
दोष शोधण्याची ही पद्धत इतिहासाच्या साधनचिकित्सेपेक्षा फार निराळी नाही. लक्षण एक, कारणे अनेक. म्हणून साक्षी जुळवाव्या लागतात. वर फ्रीजरमध्ये बर्फ भरपूर आणि खालचा कप्पा कोमट असेल, तर गॅस संपलेला नसतो. हवा खाली येत नसते : पंखा बंद, किंवा डिफ्रॉस्टचा हीटर निकामी होऊन बर्फाने वाट बुजलेली. कॉम्प्रेसर अखंड चालतो, पण मागची जाळी गरम होत नाही आणि फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतो, अशा वेळी गॅस कमी झाल्याचा संशय घ्यावा. जाळी अति गरम असेल, तर तिच्यावरची धूळ पाहावी. भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचते ते बहुधा निचऱ्याचे भोक बुजल्यामुळे. दरवाजाच्या रबरात कागद धरून दार लावावे. कागद सहज निसटला, तर थंडी तेथूनच पळते आहे. दमट हवेत हे रबर लवकर काळे पडते, आणि कोमट पाण्याने पुसून काढले तर पुष्कळ वर्षे टिकते.

७/
एका अपराधाची नोंद मात्र स्वतंत्रपणे करायला हवी. जुन्या एकदारी फ्रिजमध्ये बर्फाला चिकटलेला ट्रे सुटेना, म्हणून असंख्य घरांत सुरी चालवली गेली. त्या फ्रीजरची भिंत ॲल्युमिनियमची, आणि गॅसच्या वाटा तिच्यातच कोरलेल्या. सुरीचे टोक लागते, 'फुस्स' आवाज येतो आणि सगळा गॅस दोन-तीन मिनिटांत स्वयंपाकघरात. मराठी घरांतल्या फ्रिजच्या मृत्यूंचा इतिहास कधी लिहिला गेला, तर सुरीला त्यात मोठे प्रकरण द्यावे लागेल.

८/
हा 'फुस्स' आवाज जगाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. आरंभीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत आणि गळतीने माणसे मरत. असे मृत्यू टळावेत म्हणून १९२०च्या दशकात आइन्स्टाइन आणि सिलार्ड यांनी हलणारे भागच नसलेल्या फ्रिजचा आराखडा केला होता. १९३० मध्ये टॉमस मिजली याने नवा वायू सर्वांसमक्ष छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवली : विषारी नाही, ज्वालाग्राही नाही. तोच आर-१२, सीएफसी कुळातला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हे कूळ ओझोनचा थर कुरतडते असे मांडले, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट जगापुढे आली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला.

९/
भारताने त्यावर लगेच सही केली नाही. १९९० च्या लंडन बैठकीत पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी पैसा आणि तंत्रज्ञान मिळण्याचा आग्रह धरला. निधीची व्यवस्था झाल्यावर १९९२ मध्ये भारत करारात आला. १ जानेवारी २००३ पासून नव्या फ्रिजमध्ये सीएफसी वापरण्यास बंदी झाली आणि २०१० पासून, दम्याच्या इनहेलरचा अपवाद सोडता, सीएफसी संपले. ही कथा येथेच थांबवली जाते. शास्त्रज्ञांना नोबेल, मुत्सद्द्यांना शाबासकी.

१०/
पण कारखान्यांत बंदी झाली, तेव्हा घराघरांत आर-१२ चे फ्रिज चालूच होते. २००३ नंतर प्रश्न उरला तो मुख्यतः दुरुस्तीचा. नळ्या साफ करायला तोच गॅस फुंकून सोडून देणे, गळती न शोधता वर्षाला एकदा 'गॅस मारून' देणे, हा धंद्याचा रिवाज होता. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून स्विस आणि जर्मन साहाय्याने, पुढे सरकारी योजनेतून, लहान दुरुस्तीकारांना नवे काम शिकवण्यात आले : आधी साबणाच्या फेसाने गळती शोधा, जोड भरा, पंपाने नळ्या निर्वात करा, मग वजन करूनच गॅस भरा. ओझोनचा थर या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांश भरून येईल, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्याचे श्रेय व्हिएन्ना-माँट्रियलला देताना पंपाचा खर्च सोसणाऱ्या आणि अर्धा तास जास्त थांबणाऱ्या मेकॅनिकला विसरणे हा कृतघ्नपणा आहे, आणि इतिहासलेखन म्हणून तो आळसही आहे.

११/
शिवाय हा आळस धोक्याचा आहे. आज येणाऱ्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो; स्वयंपाकाच्या गॅसचा जवळचा नातेवाईक. ओझोनला निरुपद्रवी, तापमानवाढीला नगण्य, पण ज्वालाग्राही. तो आर-१२ च्या निम्म्याहून कमी वजनाचा पुरतो, म्हणून अंदाजाने भरणे चालत नाही, आणि नळीत तो शिल्लक असताना टॉर्च पेटवणे तर मुळीच नाही. आर-१३४ए च्या कॉम्प्रेसरचे तेल निराळे असते. तो गॅस जुन्या आर-१२ च्या यंत्रात तसाच घालता येत नाही. पट्टी वाचायला येणे येथे जिवाशी जोडलेले आहे. त्यातही पट्टी कधी खोटे बोलते : आर-१२ चा फ्रिज मध्येच कोणी दुसऱ्या, जळणाऱ्या मिश्रणावर चालवलेला असतो आणि पाठीवर नाव मात्र जुनेच. बनावट सनद फार तर जमीन बुडवते. ही पट्टी हात भाजते.

१२/
दरम्यान कारखान्यांनी आणखी एक बदल केला. मागची काळी जाळी गेली. नळ्या बाजूच्या पत्र्याआड, फोममध्ये पुरल्या गेल्या. फ्रिज देखणा झाला. पण फोममधल्या नळीला गळती लागली, तर ती दुरुस्त करणे जवळपास अशक्य, आणि गिऱ्हाइकाला सांगितले जाते, नवा घ्या. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि तिच्या कक्षेत घरगुती उपकरणे घेतली, हे चांगले झाले. परंतु माहितीपुस्तिका आणि सुटे भाग तालुक्याच्या गावातल्या दुकानापर्यंत पोहोचल्याशिवाय तो हक्क कागदावरचाच. पुण्यातून कंपनीचा माणूस येईपर्यंत पौडच्या घरातले दूध थांबत नाही.

१३/
म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकांपुढे एक काम आहे. किल्ल्यांची पायवाट तुडवून परतताना पौडच्या बाजारात थांबावे. आर-१२ च्या काळात हात काळे केलेले मेकॅनिक आता साठीच्या पुढे आहेत. त्यांना विचारावे : पहिला पंप कधी घेतला, किती उसने काढून? नवा गॅस आल्याचे कोणी सांगितले? कोणत्या वर्षीच्या भारनियमनात सर्वांत जास्त रिले जळाले? त्यांच्या वह्यांत तारीख, घर, गॅसचे नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतील. त्या वह्या रद्दीत जाण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्यावीत.