पाच बटणांची पूजा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. आजचा विषय शाळेचा किंवा पुस्तकांचा नाही, घरातल्या होम थिएटरचा आहे. बी.ए.ला मराठी घेतलेल्या माणसाने विजेच्या तारांवर कशाला लिहावे, असे आमचे धाकटे बंधू म्हणतीलच. म्हणोत बापडे!

चिरंजीवांनी हौसेने दिलेला हा संच. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, रिसीव्हर, वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर आणि कोपऱ्यात सबवूफर. पाच वस्तू, पाच बटणे. त्यातही क्रम असतो. ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी चालू करायचा आणि सगळ्यात आधी बंद. नाहीतर इतर यंत्रे चालू-बंद होतानाचा झटका मोठा होऊन स्पीकरमधून 'धप्प' असा आवाज येतो. हा क्रम मला तोंडपाठ. रोज संध्याकाळी मी तो पूजेसारखा करायचो, आणि खरे सांगतो, त्याचा थोडा अभिमानही वाटायचा.

गेल्या दिवाळीनंतर लक्षात आले, की मी घरी नसलो की सौ. गाणी लावतच नाही. विचारले तर म्हणाली, "कंटाळा आला." मग एक दिवस बोलून गेली, "अहो, गुडघे दुखत असताना वाकून कपाटामागे हात घालायचा, त्यात क्रम चुकला तर तुम्ही चिडणार. त्यापेक्षा नकोच ते." नाट्यसंगीतावर जीव टाकणारी ही बाई माझ्या पाच बटणांपायी गप्प बसली होती! पस्तीस वर्षे वर्गात शिकवले, आणि घरात हे कळू नये?

भाच्याला बोलावले. त्याने स्मार्ट प्लग लावून दिले. मोबाइलवर बोट ठेवले की सगळे चालू. चार दिवस मौज वाटली. पाचव्या दिवशी इंटरनेट बंद पडले आणि मोबाइलवरून काहीच चालू होईना. पुढे एका रात्री वीज गेली आणि दोन वाजता परत आली, तेव्हा प्लग आपोआप चालू झाले आणि ॲम्प्लिफायर रात्रभर तापत राहिला. वीज परत आल्यावर प्लगने बंदच राहावे अशी सोय बहुधा असते, पण ती निवडावी लागते, हे आम्हाला नंतर कळले.

शेवटी उपाय सापडला तो साधाच. टीव्ही आणि रिसीव्हर एचडीएमआय तारेने जोडलेले होतेच. दोन्हींच्या मेनूत 'सीईसी' चालू केले, की टीव्हीबरोबर रिसीव्हरही उठतो. रिसीव्हरच्या मागे १२ व्होल्टचे 'ट्रिगर' असते. तिथून एक बारीक तार ॲम्प्लिफायरला दिली. रिसीव्हर उठला की तो ॲम्प्लिफायरला उठवतो. सबवूफरचे बटण 'ऑटो'वर ठेवले. आवाज आला की तो जागा होतो. रात्री हळू आवाजात ऐकताना मध्येच झोपतो, ते चालवून घेतो. सेट-टॉप बॉक्सचे बटण तेवढे रिमोटवर उरले.

आता वीजबचतीचे. स्टँडबायमध्ये एक वॅट खाणारे यंत्र वर्षभरात पावणेनऊ युनिट खाते. चार-पाच यंत्रे रात्रंदिवस अशी ठेवली तर हिशोब तुम्हीच करा. म्हणून वायरमनकडून सगळ्यांसाठी मिळून एकच स्विच कमरेच्या उंचीवर भिंतीत बसवून घेतला. झोपताना आधी रिमोटने सगळे झोपवायचे, मग तो स्विच बंद.

माझे मत एवढेच : घरात कोणतीही स्वयंचलित सोय करताना, ती सर्वांत कमी ताकदीच्या माणसाला एकट्याने वापरता येते का, आणि बिघडली तर हाताने चालू-बंद करता येते का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. घरातल्या एकालाच कळते, अशी व्यवस्था दुसऱ्याला परावलंबी करते, मग ती मोबाइलवर असो की माझ्यासारख्याच्या डोक्यात.

परवा मंडईतून परतलो, तर जिन्यातच गाणे ऐकू आले. आवाज जरा मोठाच होता. मी काही बोललो नाही.

तुमच्याकडे कशी व्यवस्था आहे? जरूर कळवा.