उज्जैनचे जड पाणी

किनारपट्टीवरून महाकालेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूंची संख्या मोठी आहे. परत आल्यावर ही मंडळी मंदिराविषयी भरभरून बोलतात आणि मग हळूच पाण्याची तक्रार करतात. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, वरण लवकर शिजत नाही, हे त्या तक्रारीचे स्वरूप. यात्रेकरूस ही गैरसोय दोन दिवसांची. उज्जैनच्या गृहिणीस ती बारा महिन्यांची आहे, आणि म्हणूनच तिचा विचार गांभीर्याने व्हावयास हवा.

माळव्याचे पठार काळ्या बेसाल्ट खडकाचे. त्यात मुरलेले पाणी चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच वर येते. उज्जैनच्या नळांना मुख्यत्वे गंभीर नदीवरील धरणाचे पाणी मिळते आणि पावसाच्या साठ्याचे हे पाणी त्यामानाने हलके असते. परंतु उन्हाळ्यात धरण खालावले की नळाला एक दिवसाआड पाणी येण्याचे प्रसंग त्या नगरीने पाहिले आहेत. अशा वेळी नागरिक कूपनलिकांकडे वळतात आणि जड पाणी स्वयंपाकघरात येते.

या जडपणाची किंमत मोजता येते. लिटरमागे ४०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या २० लिटरच्या बादलीत ८ ग्रॅम क्षार असतात. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते सारे निकामी करण्यासाठी सुमारे ५० ग्रॅम साबण खर्ची पडतो, आणि त्यानंतर खरा फेस येऊ लागतो. वाया गेलेला हा साबण चिकट साका होऊन कपड्यांवर बसतो. डाळीच्या सालीतील द्रव्याशी चुना बांधला जातो, म्हणून ती मऊ होत नाही. मग इंधन अधिक जळते किंवा चिमूटभर सोडा पडतो, व सोड्याने डाळीतील ब जीवनसत्त्वाचा नाश होतो. गीझरच्या दांडीवर पांढरे पुट चढते, वीज अधिक लागते आणि दांडी अकाली जळते. ज्याच्या घरी दोन वेळचा हिशेब जेमतेम जुळतो, त्याच्यावर हा न सांगितलेला कर सर्वांत जड बसतो.

शासकीय दप्तरी मात्र हे पाणी पिण्यास योग्य असते. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या मानकानुसार कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्याच्या दृष्टीने कठीणपणाची मर्यादा घातलेली नाही, आणि ते योग्यच आहे; चुना व मॅग्नेशियम ही विषे नव्हेत. परंतु पिण्यास योग्य असलेले पाणी संसारास परवडणारे असतेच असे नाही. २०० आणि ६०० यांच्यामधल्या त्या मुभेचा भार नागरिकच वाहत असतो.

या भारावर बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे घरोघरी आर.ओ. यंत्र. हे यंत्र जेवढे पाणी देते त्याहून अधिक बहुधा गटारात सोडते. ज्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत, तेथे या यंत्रांस मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सुचविले, ते याच कारणाने. जेथे पाणी दिवसाआड येते, तेथे अशी नासाडी परवडणारी नाही. शिवाय धुणे, न्हाणे व गीझर यांचे दुखणे तसेच राहते. तुरटीने गढूळपणा जातो, क्लोरीनने जंतू मरतात, जडपणा मात्र दोहोंनीही जात नाही. इंग्लंडात थॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याची निवळी घालून पाण्यातला चुना खाली बसविण्याची रीत दाखविली. हे काम जलशुद्धीकरण केंद्रातच परवडते, घरोघरी नव्हे.

महाकालाच्या शिवलिंगाची झीज थांबावी म्हणून जलाभिषेकास आर.ओ. यंत्राने शुद्ध केलेले पाणी, तेही प्रत्येक भक्तामागे अर्धा लिटरपर्यंत, असा नियम देवस्थानाने मांडला व २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नोंदवून घेतला. लिंगाच्या रक्षणासाठी पाण्याची ही परीक्षा झाली, याचे आम्हांस समाधान आहे. तीच दक्षता भक्ताच्या घरच्या नळासंबंधी का नसावी? २०१६ च्या सिंहस्थासाठी नर्मदेचे पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उचलून क्षिप्रेत आणले गेले; ती जोडणी २०१४ मध्ये पूर्ण झाली. २०२८ च्या सिंहस्थाची तयारीही चालू आहे. घाटांवर होणाऱ्या खर्चाचा काही अंश जलशुद्धीकरण केंद्र व नळयोजना यांवर व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

हा प्रश्न परक्या मुलखाचा म्हणून आपण सोडून देऊ नये. शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार केला, तेव्हापासून आपला त्या नगरीशी ऋणानुबंध आहे. शिवाय आपल्याकडेही सारे आलबेल नाही. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी हलके असते खरे. पण समुद्रालगत उपसा वाढला की वैशाखात विहिरींत खारे पाणी शिरते. माळव्यातला जडपणा बराचसा उकळल्याने व निवळल्याने कमी होतो. समुद्राने आणलेला जडपणा उकळूनही जात नाही. म्हणजे आपले संकट अधिक अवघड आहे.

तेव्हा उज्जैन असो की किनाऱ्यावरचे एखादे गाव, मागणी एकच राहील. प्रत्येक नगरपालिकेने आपल्या प्रत्येक स्रोताच्या पाण्याचा कठीणपणा दरमहा प्रभागवार जाहीर करावा. आज नागरिकास तो साबणाच्या खर्चावरूनच ताडावा लागतो. आकडा समोर आला की कोणते पाणी कशात मिसळावे, कोठे निवळी घालावी आणि कोणती विहीर उपसू नये, हे ठरविणे प्रशासनाला टाळता येणार नाही.