बाबांचं दीडशे, टायरचं तीस

बालमित्रांनो,

मागच्या महिन्यातली गोष्ट. शाळा सुटली, तरी सातवीतली एक मुलगी माझ्या टेबलाजवळ घुटमळत होती. "काय गं, घरी नाही जायचं?" असं विचारताच तिचे डोळे भरून आले.

"गुरुजी, दवाखान्यात बाबाचं बीपी दीडशे निघालं जी! पंक्चरवाला तर गाडीत तीसचीच हवा भरते. जास्त भरली तर टायर फुटते म्हणते. मंग बाबाचं काय होईन?"

हसलात ना? मी नाही हसलो. दोन मापं शेजारी ठेवून पाहणं हे तर शास्त्रज्ञाचं काम! तिचा एकच प्रश्न विचारायचा राहिला होता : दीडशे काय, आणि तीस काय?

आजीने नुसतं "पाच आण" म्हटलं, तर तुम्ही पाच किलो तांदूळ आणाल की पाच पायल्या? दाबाचंही तसंच आहे. दाब म्हणजे ठरावीक जागेवर पडणारा जोर. तो मोजायची एककं मात्र अनेक.

पंक्चरवाल्याचं मीटर पीएसआय दाखवतं. म्हणजे एक इंच लांब, एक इंच रुंद जागेवर किती पौंडांचा भार आहे ते. बीपीचा आकडा असतो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. इटलीच्या टॉरिसेलीने १६४३ साली दाखवलं, की बाहेरच्या हवेचा दाब नळीतला पारा सुमारे ७६० मिलिमीटर उंच तोलून धरतो. तेव्हापासून पारा दाबाची मोजपट्टी झाला. आजच्या बीपीच्या यंत्रात पारा नसला, तरी आकडा त्याच मापातला असतो.

मग दोघांची तुलना कशी करायची? दोन्ही आकडे एकाच एककात आणायचे. विज्ञानात त्यासाठी पास्कल वापरतात. फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलचं हे नाव या एककाला १९७१ साली मिळालं. वहीत लिहून घ्या :

१ मिलिमीटर पारा = सुमारे १३३.३ पास्कल
१ पीएसआय = सुमारे ६,८९५ पास्कल
१ हेक्टोपास्कल = १ मिलिबार = १०० पास्कल
१ किलोपास्कल = १,००० पास्कल

आम्ही दोघांनी फळ्यावर गणित मांडलं.

बाबा : १५० × १३३.३ = १९,९९५, म्हणजे सुमारे २० किलोपास्कल.
टायर : ३० × ६,८९५ = २,०६,८५०, म्हणजे सुमारे २०७ किलोपास्कल.

पाहा! तीसवाल्या टायरमधला दाब दीडशेवाल्या बाबांच्या दहापटींहून जास्त निघाला. पोरगी उड्या मारतच घरी गेली.

पण गोष्ट इथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणते, "गुरुजी, बाबा म्हणते, टायरच्या मापानं माहं बीपी तीनसुद्धा नाही, मंग गोळी कायले खाऊ?"

आता मात्र मी घाबरलो. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "भाऊ, दीडशे म्हणा, वीस किलोपास्कल म्हणा, नाही तर २.९ पीएसआय म्हणा. दाब तेवढाच आहे. एकक बदललं की आकडा बदलतो, दुखणं नाही बदलत. टायर रबराचं, रक्तवाहिनी माणसाची. माणसाच्या बीपीची तुलना माणसाच्याच बीपीशी करायची. वरचा आकडा वारंवार १४० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर तो वाढलेलाच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका." त्यांनी मान डोलावली. आईबाबांनो, तुम्हीही हे ध्यानात ठेवा.

जाता जाता आणखी एक गंमत. पंक्चर झालेल्या टायरला मीटर लावलं, की काटा शून्यावर. मग आत हवाच नाही का? आहे की! आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला, एवढंच. हे मीटर बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे, तेवढंच सांगतं. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. म्हणून प्रयोगात आतल्या हवेचा एकूण दाब हवा असेल, तर तो मिळवायचा : २०७ + १०१ = ३०८ किलोपास्कल. आपलं चंद्रपूर-गडचिरोली समुद्रापासून थोडं उंचावर आहे, म्हणून इथे बाहेरच्या हवेचा दाब थोडा कमी भरतो.

आता तुमची पाळी. पावसाळ्यात बातम्यांत ऐकता ना, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं? समजा, तिथे दाब १,००० हेक्टोपास्कल आहे. मग तिथे नळीतला पारा किती मिलिमीटरवर उभा राहील? आधी पास्कल करा, मग भागाकार. उत्तर ७५०च्या आसपास आलं, तर शाब्बास!

आणि हो, उत्तरापुढे एकक लिहायला विसरू नका. नाही तर मी अर्धा गुण कापणार!

तुमचे गुरुजी